अलास्कातला पाऊस आणि बंदरातले आठ तास

अलास्काच्या केचिकन गावात जहाज लागले की धक्क्याजवळच एक उंच पाऊसमापक फलक दिसतो. गावात किती पाऊस पडतो आणि आजवरचा सर्वांत जास्त पाऊस कोणत्या वर्षी झाला, हे त्यावर लिहिलेले आहे. ते वर्ष होते १९४९. त्या एका वर्षात २०० इंचांहून अधिक पाऊस पडला. एरवीच्या वर्षीही सरासरी १४० इंचांच्या वर, म्हणजे साडेतीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतोच. गावकरी त्याला गमतीने ‘पातळ ऊन’ म्हणतात. पावसाची तक्रार न करता त्याचा फलक उभारणाऱ्या या गावाकडून पाहुण्याने पहिली गोष्ट शिकायची ती हीच, की इथे पाऊस धरूनच दिवस आखायचा.

आपल्याकडची अनेक मुले-मुली आता अमेरिका-कॅनडात स्थायिक झाली आहेत. उन्हाळ्यात अम्मी-अब्बांना बोलावून सगळ्यांनी मिळून अलास्काची जहाज सफर करायची, असा बेत बऱ्याच घरांत होतो. त्यामागे मोठा खर्च असतो. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना अमेरिकेबरोबर कॅनडाच्या व्हिसाचीही तयारी ठेवावी लागते, कारण ही जहाजे व्हँकुव्हरहून सुटतात किंवा सिॲटलहून सुटून कॅनडाच्या एखाद्या बंदराला लागतात. आई-वडिलांचे वय, गुडघे, साखर, रक्तदाब हे सारे सांभाळून निघायचे असते. सात दिवसांच्या सफरीत बंदराचे दिवस तीन-चारच, आणि एका बंदरात साधारण सहा ते दहा तास. सकाळी खिडकीतून पाऊस पाहून “आज राहू द्या, उद्या उतरू” म्हणायची सोय तिथे नाही. उद्या जहाज दुसऱ्याच गावाला असते.

म्हणून हा लेख पावसाच्या दिवसाविषयी. ऊन पडले तर अल्हम्दुलिल्लाह. नाही पडले तरी दिवस हातचा जाऊ नये.

हा पाऊस आपल्यासारखा नाही

कोकणातल्या वाचकाला पावसाची भीती घालण्यात अर्थ नाही. पाऊस पडण्याचे कारणही दोन्हीकडे सारखेच आहे. आपल्याकडे अरबी समुद्रावरचे दमट वारे सह्याद्रीला अडतात, तिकडे पॅसिफिक महासागरावरचे दमट वारे किनाऱ्यालगतच्या बर्फाळ डोंगरांना अडतात. फरक आहे तो पडण्याच्या तऱ्हेत. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिकडचा वर्षभर रिमझिमतो. धो धो सरी कमी, बारीक बुरबुर जास्त, आणि मध्येच अर्धा तास ढग फाटून डोंगर दिसतात. सफरीच्या मोसमात मे, जून, जुलै त्यातल्या त्यात कोरडे असतात. ऑगस्टपासून पाऊस वाढत जातो आणि ऑक्टोबर सर्वांत ओला असतो.

दुसरा फरक थंडीचा. ऐन उन्हाळ्यातही दिवसा पारा साधारण १२ ते १८ अंशांदरम्यान असतो. पावसात भिजून घरी येऊन चहा घ्यायचा, ही आपली सवय तिथे उपयोगी नाही. तिथे भिजलेला माणूस तासाभरात कुडकुडायला लागतो आणि सगळ्या कुटुंबाला परत फिरावे लागते.

अंगावर काय असावे

दिवस वाया जाण्याचे खरे कारण बहुतेक वेळा पाऊस नसून सुती कपडे असते. जीन्स, सुती सलवार, सुती मोजे एकदा भिजले की संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. आत लोकरीचा किंवा थर्मलचा पातळ कपडा, त्यावर फ्लीस आणि सर्वांत वर टोपी असलेले, पाणी आत न येऊ देणारे जॅकेट, असे तीन थर पुरतात. जॅकेट घेताना थोडेफार पाणी सहन करणारे आणि पूर्ण जलरोधक यांतला फरक दुकानात विचारून घ्या. शक्य तर खरेदी प्रवासाआधीच करा. बंदरातल्या दुकानांत सारे मिळते, पण त्यात बंदराचा अर्धा तास आणि जास्तीचे पैसे जातात.

बायकांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. पायघोळ अबाया ओल्या फळ्यांवरून आणि पायऱ्यांवरून फिरताना खालून भिजत जातो, जड होतो आणि पायात येतो. घोट्याच्या वर राहील असा अबाया, किंवा सैल पँटवर गुडघ्याखालपर्यंत येणारा लांब रेनकोट सोयीचा पडतो. सुती हिजाब कानाशी ओला राहून थंडी भरते. लवकर वाळणाऱ्या कापडाचा किंवा पातळ लोकरीचा घ्या आणि एक कोरडा पिशवीत ठेवा.

छत्री न्या, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. तिथले लोक छत्री फारशी वापरत नाहीत, टोपीचे जॅकेट आणि रबरी बूट घालून हिंडतात. अरुंद लाकडी वाटेवर छत्र्या एकमेकींत अडकतात. बुटांचे दोन जोड आणि मोज्यांचे चार-पाच जोड मात्र हवेतच. रात्री ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत ते बरेच कोरडे होतात.

केचिकन: पावसातच खुलणारे गाव

केचिकनच्या भोवती टोंगास हे अमेरिकेतले सर्वांत मोठे राष्ट्रीय वन पसरले आहे. स्प्रूस, हेमलॉक आणि सिडारची उंच झाडे, त्यांच्या खोडांवर हातभर शेवाळ, आणि पानांतून सतत ठिबकणारे पाणी. हे जंगल पावसानेच उभे केले आहे आणि ओले असतानाच ते पाहावे. झाडांचे छत इतके दाट असते की बुरबुर बरीचशी वरच अडते. गावापासून सुमारे दहा मैलांवरच्या टोटेम बाइट उद्यानात समुद्राकाठी असे जंगल, कोरलेले टोटेम खांब आणि जुन्या पद्धतीने बांधलेले कुळघर एकाच फेरीत पाहता येते. फिरण्याची वाट लहान आहे.

पाऊस वाढला तर गावातच टोटेम हेरिटेज सेंटर आहे. ओसाड पडलेल्या क्लिंगिट आणि हैडा वस्त्यांमधून आणलेले एकोणिसाव्या शतकातले मूळ खांब तिथे छपराखाली जपून ठेवले आहेत. वनखात्याचे साउथईस्ट अलास्का डिस्कव्हरी सेंटर धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यात जंगल, मासे आणि इथल्या मूळ रहिवाशांचे जीवन मुलांना समजेल अशा पद्धतीने मांडले आहे.

टोटेम खांब पाहताना आपल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो, या मूर्ती आहेत का? या खांबांची पूजा होत नसे. कुळाचा इतिहास, एखाद्या वडीलधाऱ्याची आठवण, एखादा हक्क किंवा घडलेली गोष्ट लाकडात कोरून उभी करण्याची ती रीत आहे. गेल्या काळातल्या मिशनऱ्यांनीही त्यांना मूर्ती समजून बराच अनर्थ केला. मुलांना हे समजावून सांगितले तर खांब पाहणे म्हणजे एका समाजाची वंशावळ वाचणे ठरते. याच लोकांनी झाडांच्या मुळांपासून आणि सालीपासून इतक्या घट्ट विणीच्या टोप्या केल्या की त्यांतून पाणी आत झिरपत नसे. भातलावणीच्या वेळचे आपल्याकडचे इरले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही अक्कल लगेच ओळखू येईल.

ओढ्यावर खांब रोवून बांधलेली क्रीक स्ट्रीटची लाकडी घरे पावसात छान दिसतात. जुलैच्या पुढे त्याच ओढ्यातून सामन मासे प्रवाहाविरुद्ध चढताना दिसतात. फळ्या निसरड्या असतात, वडीलधाऱ्यांचा हात धरा.

जुनो: ढगाळ दिवशी निळा बर्फ

जुनो ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. बोटीने किंवा विमानानेच पोहोचावे लागते. इथले मोठे आकर्षण म्हणजे गावापासून बारा-तेरा मैलांवरची मेंडेनहॉल हिमनदी. लख्ख उन्हात बर्फ पांढरा दिसतो आणि डोळे दिपतात. ढगाळ दिवशी त्याच बर्फातला निळा रंग गडद होऊन उठून दिसतो. त्यामुळे पाऊस आहे म्हणून हिमनदी रद्द करणे म्हणजे तिचा सर्वांत चांगला रंग सोडून देणे.

तिथले पाहुण्यांचे केंद्र १९६२ मध्ये बांधले गेले. मोठ्या काचांमधून कोरड्यात बसून हिमनदीकडे पाहता येते. केंद्र बांधले तेव्हा बर्फ बराच जवळ होता, नंतरच्या वर्षांत तो खूप मागे सरकला आहे. ही गोष्ट मुलांना जागेवर दाखवण्यासारखी आहे. केंद्राजवळची फोटो पॉइंटची वाट अर्ध्या मैलाहूनही कमी आणि पक्की आहे, व्हीलचेअरही जाते. नगेट धबधब्याची वाट जाऊन-येऊन सुमारे दोन मैल आहे आणि पावसात धबधबा भरून वाहतो. अस्वलांचा वावर असल्याने बाहेरच्या वाटांवर खाऊ काढायचा नाही, एवढे मुलांना आधीच बजावून ठेवा. बसच्या जागा मर्यादित असतात, आधी तिकीट घेतलेले बरे.

पावसाच्या दिवशी जुनोत एक गोष्ट मात्र घाईने घेऊ नका. माउंट रॉबर्ट्सची ट्रामवे म्हणजे दोरीवरची गाडी तुम्हाला १८०० फूट उंच नेते. ढग खाली आले असतील तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नाही. धक्क्यावर उभे राहून आधी वर पाहा. वरचा थांबा दिसत नसेल तर पैसे वाचवा आणि अलास्का स्टेट म्युझियम किंवा वॉल्टर सोबोलेफ भवनातले क्लिंगिट कुळघर पाहा.

देवमासे पाहण्याची सहल पावसातही निघते. हंपबॅक देवमाशाला पावसाचे काही वाटत नाही आणि बहुतेक बोटींना बंद, गरम केबिन असते. दुर्बीण आणि काच पुसायला कोरडा रुमाल जवळ ठेवा.

स्कॅग्वे: रेल्वेचा दिवस

स्कॅग्वेत पाऊस कमी, वर्षाला तीस इंचांच्या आत. तरी पडलाच तर इथे सर्वांत सोपा इलाज आहे, व्हाइट पास अँड युकॉन रेल्वे. क्लोंडाइकमध्ये सोने सापडल्याची बातमी पसरल्यावर १८९७-९८ मध्ये हजारो माणसे याच वाटेने डोंगर चढून गेली. कॅनडाच्या हद्दीत शिरण्याआधी प्रत्येकाजवळ वर्षभराची शिधासामग्री असावी लागे, एकूण सामान जवळपास एक टन. ते पाठीवरून खेपा घालून वर न्यायचे. रेल्वेचे काम १८९८ मध्ये सुरू झाले आणि १९०० मध्ये पुरे झाले. तीन फुटी अरुंद रुळांवरची ही गाडी वीस मैलांत जवळपास २९०० फूट चढते. नेरळ-माथेरानच्या गाडीत बसलेल्यांना वळणे ओळखीची वाटतील, दऱ्या मात्र खूप खोल. पावसात कड्यांवरून नवे ओहोळ सुटतात आणि डब्यात तुम्ही उबेत बसलेले असता. गुडघे दुखणाऱ्या अम्मी-अब्बांसाठी याहून चांगली सहल नाही.

गावात राष्ट्रीय उद्यानाचे केंद्र जुन्या रेल्वे स्थानकात आहे आणि तिथे प्रवेशाला पैसे नाहीत. मुलांना ‘ज्युनिअर रेंजर’ची पुस्तिका मिळते. ती सोडवली की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात. सिटकातल्या राष्ट्रीय उद्यानातही हाच उपक्रम आहे. जिथे रशियाने १८६७ मध्ये अलास्का अमेरिकेच्या ताब्यात दिले, ते गाव म्हणजे सिटका. तिथे पावसातल्या जंगलवाटेबरोबर जखमी गरुडांवर उपचार करणारे रॅप्टर सेंटर आहे. जहाज हूना गावच्या आइसी स्ट्रेट पॉइंटला लागत असेल, तर १९१२ च्या मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यातले संग्रहालय छपराखालीच आहे.

तिकीट काढण्याआधी

सहलींचे दोन गट करा. समुद्री विमान, हेलिकॉप्टर आणि दोरीवरची गाडी हा आकाशावर अवलंबून असलेला गट. रेल्वे, देवमासे, जंगल, संग्रहालय, हिमनदी हा पावसात चालणारा गट. दर बंदरासाठी दुसऱ्या गटातली एक गोष्ट आधी पक्की करा. पहिल्या गटातली गोष्ट घ्यायची असेल तर ढगांमुळे उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हे लेखी पाहून घ्या. नुसत्या पावसामुळे सहल सहसा रद्द होत नाही आणि ‘आम्हाला भिजायचे नव्हते’ म्हणून पैसे परत मिळत नाहीत.

बाहेरच्या कंपनीची सहल स्वस्त पडू शकते, पण परतायला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. घड्याळही सांभाळा. अलास्काची वेळ व्हँकुव्हर-सिॲटलच्या एक तास मागे असते. मोबाइल एक वेळ दाखवतो आणि जहाज दुसरी पाळते, असे होऊ शकते. परतण्याची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाने धरा.

नमाज, किब्ला आणि ओले पाय

महाराष्ट्रात आपण पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो. जुनोत किब्ला जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, कारण तिथून मक्केला जाणारी सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. साधे होकायंत्र तिथे खऱ्या उत्तरेपासून पंधरा अंशांहून अधिक पूर्वेला झुकते आणि जहाजाच्या लोखंडाजवळ आणखी चुकते. केबिनमधल्या टीव्हीवर जहाजाची दिशा दाखवतात, ती पाहून उत्तर काढणे सोपे.

जूनच्या उत्तरार्धात जुनोत सूर्य पहाटे चारच्या आधी उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. जोहरची वेळ दुपारी एकच्या सुमारास सुरू होते आणि शाफई हिशेबाने असर साडेपाचच्या आसपास, हनफी हिशेबाने जवळपास सातला. म्हणजे चार-पाच वाजता जहाजावर परतणाऱ्याला केबिनमध्ये कोरड्यात जोहर अदा करता येते. बंदरात धावपळ करण्याची गरज नाही. इशाचा प्रश्न अवघड आहे. त्या दिवसांत रात्र पूर्ण काळोखी होतच नाही, त्यामुळे इशा आणि फज्रच्या वेळांविषयी उलमांनी वेगवेगळे मार्ग सांगितले आहेत. मुसाफिराची कसर आणि दोन नमाजा एकत्र करणे याबाबतही शाफई आणि हनफी मतांत फरक आहे. आपल्या आलिमांना निघण्याआधी विचारून एका कागदावर लिहून घ्या, म्हणजे जहाजावर घरातल्या घरात वाद नकोत.

थंडीत पुन्हा पुन्हा ओले पाय धुणे वडीलधाऱ्यांना जड जाते. वजू करून चामड्याचे मोजे घातले तर मुसाफिराला तीन दिवस-रात्र मसहची सवलत आहे. ती खास अशाच प्रवासासाठी उपयोगी पडते.

गरम वाटी विचारून घ्या

पावसात भिजून आल्यावर बंदरातल्या प्रत्येक हॉटेलातून गरम चाऊडरचा वास येतो. हे दाट सूप माशाचे किंवा शिंपल्यांचे असते, पण त्यात बेकन म्हणजे डुकराचे मांस घालण्याची पद्धत सर्रास आहे. नावात मासा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, विचारा. रेनडिअर सॉसेजमध्येही बरेचदा डुकराचे मांस मिसळलेले असते. सामन आणि हॅलिबट मात्र अलास्काची खरी दौलत आहे. नुसता भाजलेला मासा मागा आणि सॉसमध्ये वाइन आहे का ते विचारा. मोठा किंग क्रॅब तिथे फार प्रसिद्ध आहे. कोकणातली शाफई मंडळी तो आवडीने खातील, हनफी घरातली सून किंवा जावई सोबत असेल तर त्यांच्यासाठी हॅलिबट आहेच.

जहाजावर हलाल जेवणाची विनंती तिकीट काढतानाच, काही महिने आधी, लेखी करा. स्वयंपाकघरात आणि वाढपात मुंबई-गोव्याची माणसे बरेचदा भेटतात. त्यांच्याशी आपल्या भाषेत दोन शब्द बोलले की काय टाळायचे ते नीट कळते.

वडीलधाऱ्यांचा दिवस

सर्वांनी सर्व काही पाहिलेच पाहिजे असे नाही. सकाळी सगळ्यांनी मिळून एक ठिकाण पाहावे. दुपारी थकलेल्या अब्बांना जहाजावर सोडून तरुणांनी पुन्हा उतरावे. सगळे बंदरात गेलेले असताना जहाज शांत असते. वरच्या मजल्यावर काचेशी बसून, हातात चहाचा कप घेऊन धुक्यातून डोकावणारे डोंगर पाहणे ही सत्तरीच्या माणसासाठी छोटी गोष्ट नाही. फक्त त्यांना एकटे वाटू नये म्हणून एखादे नातवंड सोबत ठेवा. आजी-आजोबांना नातवंडांबरोबर असे निवांत तास घरी तरी कुठे मिळतात?

आपल्याकडे पावसाला रहमत म्हणतात आणि तो पडत असताना दुआ मागतात. अलास्काचे जंगल, मासे, धबधबे आणि हिमनद्या त्याच रहमतीवर उभ्या आहेत. जॅकेटची टोपी वर घ्या, अम्मीचा हात धरा आणि उतरा. जहाज सुटायला अजून वेळ आहे.